टेंभुरडोहचा चांदा

जिल्हा झाला तेव्हा आमच्या टेंभुरडोहात सगळ्यात पहिले घसा बसला तो माझ्या नवऱ्याचा. हे गावचे कोटवार. पोलिओचा डोस असो, ग्रामसभा असो, का लाइट जाणार असो, मुनादी ह्यायनंच द्यायची. त्या दिवशी खाकी शर्ट घातला, डफडं गळ्यात टाकलं आन् तिन्ही चौकात ओरडून आले, "आइकाऽऽ हो! आजपासून आपला जिल्हा पांढुर्णाऽऽ! छिंदवाडा नाहीऽऽ!" घरी येऊन खाटेवर टेकले त आवाज निरा फाटका. मी गूळपाणी देलं.

"जिल्हा झाला, मंग तुमाले काय भेटलं?" मी म्हणलं.

"नवा बिल्ला भेटन," हे म्हणले आन् खोकत बसले.

आमचं गाव रामाकोन्याच्या अंगाले, तहसील सौंसर. सौंसरवाल्यायले वाटे, जिल्हा व्हाव त आपल्या नावानं. पानठेल्यावर महिनाभर तेच चालू. पुंडलिकराव पाटील, ज्यायचा नाल्याकडं संत्र्याचा बगिचा हाय, ते त लय तापले होते. "नाव पांढुर्ण्याचं आन् आम्ही काय नुसती संत्री पुरवाची? दोन्ही नावं टाकाले पाहिजे होती. पांढुर्णा-सौंसर. काय बिघडत होतं?" मी तिथून घागर घेऊन चालली होती. माझं तोंड काही गप राहत नाही. मी म्हणलं, "जिल्हा हाय का लग्नाची पत्रिका, साऱ्यायचे नावं टाकाले?" लोकं हासले. पाटील नाही हासले.

हे घरी मले रागावले. "कोटवाराची बायको तू. जिभेले हाड ठेव."

असं म्हणाचं आन् मंग स्वतःच गालातल्या गालात हासाचं, अशी ह्यायची तऱ्हा. मोतीराम सोमकुवर म्हणजे पंचक्रोशीत कोणाले उलटून न बोललेला माणूस. मले कधी कधी ह्याचाच भल्ला संताप येते.

पण खरी गंमत पुढंच हाय. जिल्ह्याले नाव द्यायले एक कागद लागते. बसाले मात्र जागा लागते. कलेक्टर बसन कुठं, पोलीस राहन कुठं, गोदाम कुठं, शाळा कुठं? दुसऱ्या वर्षी मक्का निघाला, वावरं मोकळी झाली, आन् आमच्या गावाच्या नावानं कागद आला का पोलीस लाइनीसाठी, म्हणजे पोलिसायच्या क्वार्टरसाठी, जागा मोजाची हाय. सौंसरकडच्या लोकायची नाराजी काढाची म्हणून इकडं काहीतरी देऊन राहिले होते. गाव खूश. पाटील खूश. "आता डांबरी रस्ता होते पाहा," असं जो तो म्हणे.

आम्हीही खूश होतो. खोटं कायले बोलू. पोरगी सौंसरच्या कॉलेजात शिकते, प्रज्ञा. ती म्हणे, "आई, लाइन झाली का इथं रोज बस येईन." मी म्हणलं, येऊ दे बाई, तुझ्या पायाले आराम.

जागा ठरली होती गावाबाहेरची बरड. निरा मुरूम आन् गोटे, सरकारी, तिथं शेळीही पोट भरून येत नाही. बरडीच्या वरच्या अंगाले आमचं वावर. आमचं म्हणजे कसं, ते सांगावं लागन. सव्वादोन एकर काळी माती हाय, पण ते कोटवारीचं वावर. कागदावर सरकारचं, हातात आमचं. माझ्या सासऱ्यानं वाहिलं, त्याच्या बापानं वाहिलं. जोपर्यंत घरात कोटवारी हाय तोपर्यंत वावर. जमिनीच्या खसऱ्यावर आमचं नाव शोधाले जाल त सापडाचं नाही. आन् बरडीच्या खालच्या अंगाले, नाल्याकडं, पाटलाचा बगिचा.

मंगळवारी पटवारी मॅडम आली. तेजस्विनी नाव. पांढुर्ण्याची पोरगी, मास्तराच्या घरची, नवीनच लागलेली. उन्हानं गाल लाल झालेले, डोक्यावर ओढणी गुंडाळलेली. संगं तीन पायाची मशीन. हे त्या मशीनीचं ओझं खांद्यावर घेऊन तिच्या मागं मागं. ह्यायचा उजवा खांदा आधीच धरलेला, रात्री कूस बदलता येत नाही, पण मॅडमले म्हणाचं नाही.

"काका, चांदा कुठं आहे इथला?" मॅडमनं विचारलं.

चांदा म्हणजे जुन्या काळच्या मोजणीवाल्यायनं गाडलेला घडीव गोटा. डोक्यावर फुलीची खूण. साऱ्या गावाचं मोजमाप त्या एका गोट्यापासून निघते. आमच्या गावचा चांदा बरडीजवळच्या निंबाखाली ओट्यावर बसलेला हाय, आंगभर शेंदूर. चांद्याचा मारोती म्हणतात त्याले. लोकं जामसांवलीच्या मोठ्या मारोतीले जातात, पण आधी याच्यापुढं नारळ फोडून जातात. पाटलाची बायको, शकुंतलाबाई, दर शनिवारी त्याले पाणी घालते. आम्ही बौद्ध लोकं हात जोडत नाही, पण वाकडंही बोलत नाही. गावात राहाचं हाय.

मॅडमनं चपला काढल्या, नमस्कार केला, आन् ह्यायले म्हणली, "काका, ही काठी त्या फुलीवर सरळ धरा." हे धरून उभे राहिले. मी आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कापून राहिली होती. ह्यायचा चेहरा मले तिथून दिसे. काठी धरताना ह्यायचे ओठ एकडाव हालले, आन् मंग मिटले. मले वाटलं खांदा दुखत असन.

मंग मॅडम मशीनीत पाहे, हातानं खूण करे, आन् हे चुन्याची बादली घेऊन फक्की टाकत चालत. बरडीतून निघाले. चालत चालत वर आले. धुऱ्यापाशी आले. मले वाटलं इथं थांबन. मॅडमनं हात हालवला, अजून पुढं. हे धुरा चढले. आमच्या वावरात उतरले. माझ्या हातातला इळा तसाच राहिला.

आपल्याच हातानं, आपल्याच वावरात, मधोमध, पांढरी लाइन टाकत चालला माझा नवरा. थांबला नाही का बोलला नाही. लाइनीच्या खालची सारी काळी माती गेली पोलीस लाइनीत. आमच्याकडं राहिला वरचा मुरमाड तुकडा, ज्यात तुरीचं झाडही कंबरेवर येत नाही.

मॅडम नक्शा पाहून म्हणली, "हे वावर कोणाचं आहे काका?"

"सरकारचंच हाय मॅडम. कोटवारीचं."

"म्हणजे तुमच्याकडं आहे?" ती जराशी थांबली. तिलेही बरं नाही वाटलं, ते दिसलं मले. "पण मग... सरकारीच असल्यानं हरकत घेता येत नाही काका. मी वरून आलेल्या मापानंच करतेय."

"नाही नाही, तुमी करा," हे म्हणले. "मी चहा आणतो."

चहा आणतो! मले असं झालं का तो इळा कुठंतरी हाणावा.

संध्याकाळी हात धुवाले बसले त बोटायच्या पेरायले चिरा पडलेल्या. चुना खातेच हाताले. मी खोबरेल तेल लावून राहिली होती. तेल लावता लावता मीच म्हणलं, "चांदा चुकीच्या जागी हाय न?"

हे हात ओढून घ्यायले लागले. मी सोडला नाही.

"मले सासूबाईनं सांगितलं होतं," मी म्हणलं. "लय मोठा पूर आला होता. चांदा नाल्याच्या वळणावर होता. काठ खचाले लागला, त गावानं म्हणलं देव वाहून जाईन. मंग बंडीत घालून वर आणला आन् निंबाखाली बसवला. मामंजीच उचलाले होते."

"हळू बोल."

"कायले हळू? मंग मशीन चूक ठिकाणाहून मोजून राहिली न! जितका गोटा वर आला, तितकी बरडही वर आली आन् आपल्या वावरात घुसली. हे तुमाले काठी धरतानीच माहीत होतं."

ह्यायनं दाराकडं पाहिलं. मंग म्हणले, "पुष्पा, चांदा हालवणं गुन्हा असते. आन् गोटे सांभाळणं कोटवाराचं काम. माझ्या बापानं देव वाचवला म्हणून गावानं त्याच्या गळ्यात हार घातला होता. आता मी उठून सांगू का माझ्या बापानं सरकारी खूण उपटली? कोटवारी जाईन. मंग सारंच वावर जाईन, अर्धं नाही." श्वास घेतला. "आन् मी, बौद्ध माणूस, साऱ्या गावात उभा राहून म्हणू का तुमचा मारोती त्याच्या जागेवर नाही? उद्या कोणी म्हणन, वावरासाठी ह्यानं देवाले खोटं पाडलं."

त्यायचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच त दुःख.

प्रज्ञानं दुसऱ्या दिवशी आजोबायनं चांदा हालवल्याचा अर्ज लिहून देला. सुंदर अक्षरात, एक पान. "बाबा, हा मॅडमले द्या. घाबराचं काय त्यात?" ह्यायनं वाचला. नीट घडी केली. खिशात ठेवला. बुधवार गेला, गुरुवार गेला, अर्ज खिशातच. घामानं भिजून त्याचा पापड झाला.

आन् तिकडं वावराची ओल चाल्ली. चना पेराचा होता. बी घरात पडलेलं, तिफन नीट करून ठेवलेली, बैल बसून खाऊन राहिलेले. साऱ्या गावाचा चना जमिनीत गेला होता. हे रोज सकाळी वावरात जात, उकिडवे बसत, बोट मातीत खुपसत. मंगळवारी एक पेर गेलं का ओल लागे. गुरुवारी दोन पेरं लागली. "शनिवारी पंचनामा हाय," हे म्हणले. "सह्या झाल्या का झालं. मंग जे उरन त्यात पेरू."

"मुरमात?"

"हो, मुरमात."

शुक्रवारी मी पाटलाच्या बगिच्यात संत्री तोडाले गेली. दर वर्षी जातो आम्ही बाया. काट्यायनं हाताले ओरखडे पडतात, मान वर करून करून मानेले कळ येते. शकुंतलाबाई खाली तरटावर बसून फळं छाटून राहिली होती, मोठं इकडं, बारीक तिकडं. साठीच्या वर बाई, गुडघे गेलेले, पण नजर लागन असा चपळ हात. मी टोपलं रिकामं कराले तिच्यापाशी गेली. बाकीच्या बाया दूर होत्या.

"पाटलीनबाई," मी म्हणलं, "मारोती पहिले कुठं होता?"

तिचा हात थांबला. एक संत्रं हातातच राहिलं.

"कोणं सांगितलं तुले?"

"सासूनं. तुमी त तेव्हा नवी नवरी असान."

ती माझ्याकडं पाहे. मी सारं सांगून टाकलं. काठी, चुना, लाइन, आमचं वावर, ह्यायचं भ्यावं. सांगता सांगता माझा आवाज कापला त मले माझाच राग आला. भीक मागाले नव्हती आली मी.

तिनं हातातलं संत्रं मोठ्यायच्या ढिगात ठेवलं. मंग म्हणली, "टोपलं भर जा. दुपार होऊन राहिली."

झालं! घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात तिले इतकं बोलली, इतकं बोलली का आता सांगाची लाज वाटते. आपण कोणाच्या पुढं तोंड उघडलं, आन् कायले उघडलं? तिचा बगिचा खालच्या अंगाले. गोटा खरा खाली गेला त बरडही खाली सरकणार, आन् पाटलानं बरडीत दोन ओळी संत्री पुढं लावलेली साऱ्या गावाले माहीत हाय. ती कायले बोलन? रात्री मी जेवली नाही. ह्यायले काही सांगितलंही नाही.

शनिवारी सकाळी निंबाखाली पंचनामा. मॅडम, सरपंचाचा माणूस, गावातले चार म्हातारे, आन् कागद. कागदावर आधीचा छापील जिल्हा खोडून मॅडमनं पेनानं पांढुर्णा लिहिलं होतं. आमच्या गावाचा नव्या जिल्ह्यातला हा पहिला पंचनामा. त्यात पहिले काय, त आमचं वावर गेलं हे. मी दूर उभी, डोक्यावर पदर. मॅडम वाचून दाखवे. मंग म्हणली, "काका, कोटवार म्हणून इथं सही."

ह्यायनं पेन घेतला. बोटं चुन्यानं फुगलेली, पेन नीट धरता येईना.

"थांब रे मोतीराम."

शकुंतलाबाई येऊन राहिली होती. पायात चप्पल नाही, हातात तांब्या, शनिवार न! सावकाश आली, गुडघ्यावर हात देत देत ओटा चढली, मारोतीले पाणी घातलं, रुईची पानं वाहिली. सारे थांबले. पूजेच्या मधात कोण बोलन? मंग वळली आन् मॅडमले म्हणली, "बाई, तू याच्यापासून मोजलं का?"

"हो काकू. हाच चांदा आहे ना?"

"चांदा हाच हाय. पण हा इथला नोय. याले आम्ही नाल्याहून आणला. पुराच्या साली. मी आरतीचं ताट घेऊन बंडीमागं चालली होती, हातात हिरवा चुडा होता माझ्या."

एक म्हातारा खाकरला. "हो," म्हणला, "आणला त होता."

"मंग बोलत काहून नाही कोणी?" शकुंतलाबाई अशी ओरडली का बैल कान टवकारतील. "चार दिवस झाले, मोतीरामाच्या वावरातून चुना चालला, आन् तुमी साऱ्यायनं तोंडं शिवून घेतली? देवाले काय कमीपणा आला त्यात? आपणच उचलून आणला, आपणच सांगाव!"

माझे डोळे भरले. मनातल्या मनात मी तिच्या पाया पडली. आदल्या दिवशीचं सारं बोललेलं परत घेतलं.

मॅडम गोंधळली. "पण काकू, नुसत्या सांगण्यावर मी माप बदलू शकत नाही. मूळ जागेचा पुरावा पाहिजे."

तेव्हा माझा नवरा बोलला. चार दिवसायनं. "पुरावा हाय मॅडम. चांद्याच्या खाली जुने मोजणीवाले कोळसा आन् विटांचे तुकडे पुरत. गोटा कोणी हालवला तरी जागा कळावी म्हणून. बापानं मले सांगितलं होतं. गोटा उचलला, कोळसा तसाच ठेवला, असं म्हणे. भेटला त जागा खरी. नाही भेटला त मी सही करतो."

"चला," मॅडम म्हणली.

सारे नाल्याकडं निघाले. ह्यायच्या खांद्यावर सब्बल. वळणावर पोचलो त तिथं काय, निरा रानतुळस आन् बाभळी. शकुंतलाबाई म्हणली, "इथं एक टेंभुरणीचं झाड होतं, त्याच्या डाव्या अंगाले." झाड कधीचं गेलेलं. हे वाकले, पावलं टाकली, एका जागी सब्बल मारली. माती काढली. गुडघाभर खोल गेले. गोटे, रेती, एक शिंपला. कोळसा नाही.

दुसऱ्या जागी मारली. नाही.

ह्यायच्या पाठीचा शर्ट चिपचिप ओला. खांदा आता नीट वर जात नव्हता, डाव्या हातानं सब्बल उचलून राहिले होते. मी गेली आन् मातीचं टोपलं धरलं. सरपंचाचा माणूस घड्याळ पाहे. मॅडमचं तोंड उतरलं. मले वाटलं, आता सही.

तेवढ्यात बगिच्याकडून मोटरसायकल आली. पुंडलिकराव. उतरले, गर्दी पाहिली, खड्डे पाहिले, बायकोले पाहिलं. त्यायले समजाले वेळ लागला नाही. ते सरळ आमच्याकडं आले.

"काय खोदून राहिला मोतीराम?"

"चांद्याची जागा, पाटील."

"कोणं सांगितलं?"

"मी सांगितलं," शकुंतलाबाई म्हणली.

नवरा-बायको एकमेकाकडं पाहून राहिले. पाटलाची मान त्यायच्या बगिच्याकडं वळली. शेवटच्या दोन ओळी तिथून साफ दिसत होत्या, फळायनं लदलेल्या, बांबूचे टेकू लावलेल्या. मंग त्यायनं निंबाकडं पाहिलं. मंग खाली पाहिलं.

"मोतीराम, तू निरा येडा हाय," पाटील म्हणले. "तुझ्या बापानं नुसता गोटा उचलला. बंडी त मी हाकलत होतो. इथून गाडीचं चाक फसलं असतं. बंडी त्या खडकावर उभी होती, आन् चांदा त्याच्या बाजूलेच." ते बाभळीच्या पलीकडं दहा पावलं चालत गेले आन् पायाच्या टाचेनं जमीन ठोकली. "इथं मार."

ह्यायनं मारली. हातभर माती निघाली. मंग सब्बलीच्या टोकाले काळं लागलं.

हे खाली बसले. हातानं माती बाजूला केली. विटेचा एक तुकडा, मंग अजून एक, आन् मंग ओंजळभर कोळसा, ओला, चकचकीत. ह्यायनं तो ओंजळीत घेऊन वर धरला. मॅडमपुढं. नुसते ओंजळ धरून बसले. मॅडमनं मोबाइलमध्ये फोटो काढले, आन् हासली. चार दिवसायनं पहिल्यांदा ती पोरगी हासताना दिसली. "काका, उठा," म्हणली. "मशीन आणा."

परत मोजणी झाली. या डाव बादली पाटलाच्या गड्यानं धरली, ह्यायचे हात पाहून. चुना बरडीतून चालला, आमच्या धुऱ्याच्या खालीच राहिला, पहिल्या लाइनीहून पूर्ण साठ पावलं खाली. आन् खालच्या अंगाले बगिच्यात घुसला. मॅडमनं झाडं मोजली. अकरा.

"काका," ती पाटलाले म्हणली, "फळं तोडून घ्या. मी तसं लिहिते, हंगाम होईपर्यंत हात लावणार नाही."

"लिहा," पाटील म्हणले. आवाज खरखरीत होता. "ती झाडं मी बरडीत लावली होती, मले माहीत होतं. कधी ना कधी जाणारच होती." मंग एकदम तापून बायकोले म्हणले, "घरी सांगता नसतं आलं तुले? साऱ्या गावात?"

"घरी तुमी ऐकता का?" शकुंतलाबाई म्हणली. लोकं हासले. या डाव पाटीलही उलीसक हासले, मिशीखाली.

राहिला देव. सरपंचाच्या माणसानं विचारलं, आता मारोती वापस इथं आणाचा का? म्हातारे एकमेकायकडं पाहाले लागले. मॅडम म्हणली, "त्यांना तिथंच राहू द्या, सावलीत. इथं मी सिमेंटचा चांदा बसवायला सांगते." सगळ्यायले हायसं वाटलं.

माझा जीव मात्र अजून एका गोष्टीत अडकला होता. ह्यायचाही. पंचनाम्यात लिहावं लागणार होतं का गोटा कोणं हालवला. मॅडम नवा कागद लिहाले बसली. लिहिता लिहिता थांबली. ह्यायच्याकडं पाहिलं, पाटलाकडं पाहिलं. मंग वाचून दाखवलं, "पुरामुळं काठ खचल्यानं चांदा जागेवरून हालला. मूळ जागा ग्रामस्थांनी दाखवली." बस. कोणाच्या बापाचं नाव नाही. ह्यायनं सही केली. मंग खिशातून प्रज्ञाचा अर्ज काढला आन् बारीक बारीक तुकडे करून नाल्यात टाकला.

घरी येऊन भाकर खाल्ली नाही आम्ही. बैल जुपले, तिफन टाकली बंडीत आन् थेट वावरात. हे उकिडवे बसले, बोट खुपसलं. एक पेर, दोन पेर. तिसऱ्यावर मान वर केली. "हाय," म्हणले. "ओल हाय पुष्पा. आज गेलं त उगवते."

दिवस कलाले आला होता. हे पुढं बैल हाकत, मी मागं एका हातानं सरता, बी पेराची नळी, धरून, दुसऱ्या मुठीतून चना सोडत. पायाखाली काळी माती फुटून राहिली होती. मंगळवारच्या लाइनीचा चुना तिफनीखाली गेला, मंग दिसेनासाच झाला. पेऱ्याची पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मले मंग आवरेना. चार दिवसायचं सारं एकदम आलं. दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसता येईना, पाणी गालावरून खाली सरत्यावर पडे.

ह्यायनं मागं न पाहताच विचारलं, "रडून राहिली का?"

"रडून राहिली," मी म्हणलं. "तुमी बैल हाका."